पाचवी ते बारावीच्या मुलांना मराठी कादंबरी सुचवायची कशी

“आमचा आता सातवीत गेलाय, त्याला एखादी चांगली कादंबरी सुचवा ना.” ग्रंथालयाच्या टेबलापाशी, पुस्तक प्रदर्शनात, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न सतत येतो. उत्तरही ठरलेलं असतं: ‘श्यामची आई’ घ्या, ‘फास्टर फेणे’ घ्या, जरा मोठा झाला की ‘मृत्युंजय’. पुस्तकं तिन्ही चांगली. पण प्रश्नात मुलाबद्दल एकच गोष्ट सांगितलेली असते, इयत्ता, आणि पुस्तक जुळवायला तिचाच उपयोग सगळ्यांत कमी. सातवीच्या एकाच वर्गात एका दुपारी शंभर पानं संपवणारी मुलगी असते आणि तिच्या मागच्या बाकावर जोडाक्षर आलं की अडखळणारा मुलगाही असतो. दोघांना एकच पुस्तक दिलं, तर तिचा वेळ जातो आणि त्याचा धीर खचतो.

शिक्षक, ग्रंथपाल, आईबाबा, मावशी, काका, कुणीही सुचवत असो, काम त्याच क्रमाने करावं लागतं: मुलाशी बोलायचं, त्याची वाचनाची भाषा तपासायची, मग कपाट उघडायचं.

आधी चार प्रश्न, तेही मुलालाच

पालक सोबत असले तर उत्तरं तेच देतात. “त्याला ना, इतिहास फार आवडतो,” असं आई सांगते आणि मुलगा जमिनीकडे बघत उभा असतो. अशा वेळी पालकांना दोन मिनिटं दुसऱ्या कपाटाकडे पाठवा आणि मुलाशी एकट्याशी बोला.

“तुला वाचायला आवडतं का?” हे विचारू नका. याचं बरोबर उत्तर काय अपेक्षित आहे ते मुलाला आधीच ठाऊक असतं. त्याऐवजी विचारा: गेल्या महिन्यात काय बघितलंस किंवा खेळलास, ज्यात वेळ कसा गेला कळलं नाही? सिनेमा, मालिका, गेम, क्रिकेटची मॅच, काहीही चालेल. दुसरा प्रश्न, अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि साधारण कुठे सोडलंस? तिसरा, कोणत्या भाषेत भराभर वाचतोस? चौथा, आत्ता हसायचंय, घाबरायचंय की रडू आलं तरी चालेल? या शेवटच्या प्रश्नाला मुलं चटकन उत्तर देतात, कारण त्यात परीक्षा नाही.

यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. पाच-दहा पानांत पुस्तक सोडलं असेल तर बहुधा भाषा जड गेलेली असते. पन्नास-साठ पानांवर सोडलं असेल तर भाषा जमली होती, गोष्ट रेंगाळली. आणि शेवट जवळ आलेला असताना सुटलं असेल तर मध्ये परीक्षा आली किंवा पुस्तक परत करायची तारीख उलटली. त्याला नवं पुस्तक शोधू नका, तेच पुन्हा द्या.

बोलणं साधारण असं होतं. “काय बघतोस मोबाइलवर?” “काही नाही.” “काल काय बघितलंस?” “तो एक माणूस असतो. एकटाच जंगलात राहतो. काही पण खातो.” एवढं पुरे. या मुलाला धाडस हवंय, एकट्याने निभावून नेणं हवंय, आणि एखादी गोष्ट नेमकी कशी करतात याचा तपशील हवाय. त्याला घरगुती गमतीजमतींचं पुस्तक दिलं तर ते कितीही सुंदर असलं तरी उशाशी पडून राहील.

पानाची चाचणी

मराठीत मुलं कादंबरी सोडतात ती बहुतेक वेळा विषयामुळे नाही, भाषेमुळे. म्हणून ही चाचणी टाळू नका.

पुस्तक मधूनच उघडा. पहिलं पान लेखकाने घासूनपुसून सोपं केलेलं असतं, त्यावरून अंदाज चुकतो. मुलाला एक पान हळू आवाजात वाचू द्या आणि ज्या शब्दाचा अर्थ लागला नाही तिथे एक बोट मिटायला सांगा. साध्या कादंबरीच्या पानावर अडीचशेच्या आसपास शब्द असतात. दोनपर्यंत बोटं मिटली तर पुस्तक सोपं आहे. तीन ते पाच म्हणजे बरोबर. पाचाच्या वर गेली तर पुस्तक तूर्त मागे ठेवा किंवा तुम्ही वाचून दाखवा. मोठ्या टाइपातल्या बालसाहित्याच्या पानावर शब्द कमी असतात, तिथे तीन हीच सीमा धरा.

अडखळणं दोन प्रकारचं असतं, ते ओळखा. ‘उद्ध्वस्त’ वाचताना जीभ अडकली पण अर्थ माहीत आहे, हे वीसेक पानांत आपोआप सुटतं. शब्द सफाईने वाचला आणि अर्थाचा पत्ता नाही, हे तसं सुटत नाही.

मराठीपुरते तीन अडथळे वेगळे लक्षात ठेवा. एक, जुनी छपाई. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या प्रतीत ‘केलें’, ‘तें’, ‘त्यांत’ असं छापलेलं असतं. आजोबांच्या कपाटातली प्रत भावनेने द्यावीशी वाटते, पण वाचायला नवी आवृत्ती द्या. दोन, बोली. माणदेशी किंवा बेळगावकडची बोली शहरातल्या मुलाला पहिल्या दहा पानांत परकी वाटते, मात्र कानावर पडली की कळते. अशी पानं मोठ्याने वाचून द्यायची. तीन, अनुवादातली परदेशी नावं. चारपाच माणसं एकदम आली की मूल गोंधळतं. जाड कागदाची एक पट्टी कापून तिच्यावर नावं आणि नाती लिहून द्या, तीच पुस्तकात खूण म्हणून राहते.

इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलाला भाषेने दोन-तीन इयत्ता खालचं पुस्तक लागतं, पण विषय त्याच्या वयाचाच हवा. तेरा वर्षांच्या मुलीला ससा-कासवाचं पुस्तक दिलं तर तिला तो अपमान वाटतो, आणि तिचं बरोबर असतं. सोपी भाषा आणि भरपूर घटना असलेलं पुस्तक द्या. स्टोरीटेल या ऐकायच्या पुस्तकांच्या ॲपवर मराठी पुस्तकं ऐकता येतात. पुस्तकाची ऐकीव आवृत्ती असेल तर वेग थोडा कमी करून, पुस्तक समोर उघडं ठेवून ऐकू द्या. डोळा आणि कान एकत्र चालले की महिन्याभरात फरक दिसतो.

आता वेळेचा हिशोब. पाच मिनिटं लावा आणि किती पानं झाली ते मोजा. पाच मिनिटांत दोन पानं होत असतील तर १६० पानांच्या कादंबरीला ४०० मिनिटं लागतील, म्हणजे रोज वीस मिनिटं वाचून वीस दिवस. नव्या वाचकाला वीस दिवस फार होतात. मधेच उत्साह आटतो, सुरुवात विसरते. त्याला ८० ते १०० पानांचं पुस्तक द्या, दहा-बारा दिवसांत संपेल असं. पहिलं पुस्तक संपणं हे ते कोणतं होतं यापेक्षा महत्त्वाचं आहे.

पहिली कादंबरी

पहिल्या कादंबरीचं माप असं: सव्वाशे पानांच्या आत, सहा ते दहा पानांची प्रकरणं, पहिल्या पाच पानांत काहीतरी बिघडलेलं, आणि पानावर संवाद भरपूर. संवादाच्या ओळी तोकड्या असतात, पान लवकर उलटतं, आणि पान उलटल्याचं सुख नव्या वाचकाला लागतं.

या मापात भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे अजूनही चपखल बसतो. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, किडकिडीत, चपळ, आणि संकट दिसलं की तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. वीस पुस्तकं आहेत, प्रत्येक स्वतंत्र आहे, कुठूनही सुरू करता येतं. बन्या कुणी महाशक्तीवाला नाही. तो लक्ष देऊन बघतो आणि जोरात पळतो, एवढंच त्याचं भांडवल. म्हणून पाचवीतल्या मुलाला वाटतं की हे आपल्यालाही जमेल.

देताना दोन गोष्टी आधीच सांगून टाका. पहिली, ही मोबाइलच्या आधीची गोष्ट आहे. नाहीतर दहाव्या पानावर “मग तो फोन का नाही करत?” हा प्रश्न येतो आणि मुलाला लेखक बावळट वाटायला लागतो. ट्रंककॉल म्हणजे काय, तार म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगितलं की काम होतं. दुसरी, २०१७ च्या सिनेमातला फेणे तरुण झालेला आहे. तो बघून आलेल्या मुलाला पुस्तकात शाळकरी पोरगा भेटतो, तेव्हा तशी कल्पना द्या.

एक आवडलं की एकोणीस उरतात, आणि काही महिने तुम्हाला काही सुचवावंच लागत नाही. मालिकेचा हा सगळ्यांत मोठा फायदा. “आता जरा दर्जेदार वाच” अशी घाई इथे करू नका. पाच-सहा पुस्तकं झाल्यावर मूलच म्हणतं, “सगळ्यांत तसंच होतं.” ते ऐकू आलं की पुढचं काढायचं. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा अशोक जैन यांच्या अनुवादातून रोहन प्रकाशनाने आणला आहे. त्यात पळापळ कमी आणि निरीक्षण जास्त, आणि गोष्ट सांगतो तो फेलुदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे. सोबत भारताचा नकाशा ठेवा, कारण फेलुदा सतत कुठेतरी निघालेला असतो. भागवतांनीच जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. वर सांगितलेल्या जंगलवाल्या मुलाला फेणेनंतर तिकडे वळवा, तिथे प्रवास आहे, यंत्रं आहेत आणि संकटातून सुटण्याचा हिशोब आहे.

ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आणि ‘चिंगी’ ही पुस्तकंही याच वयाची, पण भाषा आणि घरातल्या चालीरीती आता लांब गेल्या आहेत. एकट्याने वाचायला दिली की मागे पडतात. जेवणानंतर मोठ्या माणसाने वाचून दाखवली की घर हसतं.

‘श्यामची आई’ नक्की कशी द्यायची

हे पुस्तक वाढदिवसाला, मौजीबंधनाला, बक्षीस समारंभाला दिलं जातं आणि न उघडता राहतं. दोष पुस्तकाचा नाही. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं, आणि त्याची रचनाच सांगण्याची आहे: आश्रमातली मुलं रात्री जमतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. तेव्हा ते ऐकायचं पुस्तक आहे. नऊ ते अकरा या वयात, दिवे मंद करून, रोज एक रात्र वाचा, काही दिवस गाळले तरी चालेल. त्या काळचं जातपात पाळणं, सोवळं, कर्ज, जप्ती हे सगळं त्यात आहे. ते आलं की थांबून बोला, पान उलटून पुढे जाऊ नका.

चौदाव्या वर्षी हातात दिलं तर बरीच मुलं ते नाकारतात, कारण त्या वयात आईने शिकवलेलं ऐकणं नकोच असतं. तेव्हा आग्रह धरू नका. आणि ज्या घरात नुकतंच आजारपण किंवा मृत्यू झाला आहे तिथे हे पुस्तक देण्याआधी घरच्यांना विचारा. पुस्तकातल्या शेवटच्या रात्री, आईच्या आजारपणाच्या, फार जवळून बोलतात.

आवडीप्रमाणे पुढचं

हळवं, घरातलं, मनातलं वाचायला आवडणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला प्रकाश नारायण संतांचा लंपन (त्यांच्या चार पुस्तकांतला शाळकरी मुलगा) द्या. ‘वनवास’पासून सुरुवात करा. मग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. काटेकोर बोलायचं तर या एकमेकींत गुंतलेल्या कथा आहेत, कादंबरी नाही, आणि तेच सोयीचं आहे, एका बैठकीत एक संपते. मराठीला तिथे कन्नडचं वळण आहे. पहिली कथा मोठ्याने वाचा, दुसरीपासून मूल एकटं जातं. शांता शेळके यांनी अनुवादलेली ‘चौघीजणी’ (मूळ ‘लिटल विमेन’, चार बहिणींची गोष्ट) मुलींसाठी म्हणून बाजूला काढली जाते, तसं करू नका. फेणे मुलांचा आणि चौघीजणी मुलींची, अशी वाटणी मुलं करत नाहीत, कपाटं लावणारी माणसं करतात.

प्राणी आवडणाऱ्याला ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. अनुवाद कसा असावा हे दाखवायला मराठीत याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल. फ्लोरिडाच्या रानात राहणारा ज्योडी, त्याचं हरणाचं पिल्लू, आणि घरावरची भुकेची सावली. सुरुवात संथ आहे, चाळीसेक पानं धीर धरायला सांगा. शेवट कठीण आहे. काय होतं ते सांगू नका, पण “शेवटची पन्नास पानं रात्री झोपताना वाचू नकोस, मी घरात असताना वाच,” एवढं सांगा. तेरा वर्षांच्या आत सहसा नको.

विज्ञानाचं वेड आणि गोष्टींचा कंटाळा असेल तर जयंत नारळीकरांच्या कथेपासून सुरू करा आणि मग ‘प्रेषित’ किंवा ‘वामन परत न आला’ द्या. वर्णन कमी, तर्क जास्त, वाक्यं सरळ. इंग्रजी माध्यमातल्या मुलांनाही ही भाषा झेपते, कारण बरेच शास्त्रीय शब्द त्यांना अदमासाने लागतात. ज्याला ‘खरं घडलेलं’च हवं असतं त्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ किंवा हेमलकशाच्या प्राण्यांचं विलास मनोहरांचं ‘नेगल’. कादंबऱ्या नाहीत, पण कादंबरीकडे जाणारा रस्ता यांतून जातो.

इतिहास-पुराणाच्या जाडजूड कादंबऱ्यांचं वेगळं सांगायला हवं, कारण चूक तिथेच सर्वाधिक होते. शिवाजीमहाराज आवडतात म्हणून आठवीतल्या मुलाला एकदम ‘श्रीमान योगी’ दिली जाते. आकार बघूनच तो दबतो. रणजित देसाईंचीच ‘स्वामी’ (१९६२) आधी द्या. ती माधवराव पेशव्यांवरची आहे, आकाराने कितीतरी लहान, आणि त्यात मुख्य माणूस तरुण आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहाजणांच्या तोंडून येते. हे आधी सांगितलं की मधेच आवाज बदलल्यावर मूल बावचळत नाही. भाषा भरजरी आहे, म्हणून पानाची चाचणी इथे नक्की घ्या. आणि या पुस्तकांची वेळ मे महिन्याच्या सुट्टीची. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे, फराळ आणि किल्ला यांतून वेळच उरत नाही, अर्धं राहिलेलं पुस्तक मग शाळेच्या दुसऱ्या सत्रात बुडतं.

हातात देताना एक वाक्य जरूर जोडा: हा लेखकाने रंगवलेला कर्ण आहे, महाभारतातला ताडून बघायचा असेल तर नंतर बघू. ऐतिहासिक कादंबरीतले संवाद मुलं निबंधात इतिहास म्हणून लिहितात, हे शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे.

चौदाच्या पुढे

या वयात पुस्तक सुचवणाऱ्याची खरी अडचण म्हणजे स्वतःचा संकोच. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीची आणि त्याच्या मित्रांची आहे, काळ आणीबाणीचा. त्यात वर्गातली मुलगी आवडणं आहे, पोरं आपापसांत बोलतात तशी भाषा आहे, मास्तरांबद्दलची मतं आहेत. मोठ्यांनी आधी वाचावी आणि मगच द्यावी. पण द्यावी, कारण “हे माझ्याच डोक्यात चालतं असं नाही” हा दिलासा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मिळायला हवा. शाळेच्या ग्रंथालयात ठेवणार असाल तर नववी-दहावीच्या कपाटात ठेवा आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. तक्रार आल्यावर समजावणं जड जातं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) लहान आहे, वाक्यं आखूड आहेत, म्हणून ती फार लवकर, सहावी-सातवीत दिली जाते. शब्द कळतात, पण दुष्काळात गाव रिकामं होणं म्हणजे काय ते पोचत नाही. नववीपर्यंत थांबा. त्यांचीच ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या लढाईची आहे. निसर्गमाहितीपटांची आवड असलेल्या मुलाला ती धरून ठेवते, मात्र हिंसा उघडी आहे. प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंगढांग’ हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांची. इंजिनिअरिंगकडे डोळा असलेल्या अकरावीच्या मुलामुलींना ती देऊन बघा. नियम पाळायचा की माणसं वाचवायची, यावर नंतर तासभर बोलणं होतं. अरुण साधूंची ‘झिपऱ्या’ मुंबईच्या लोकलमध्ये बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ शिकण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या मुलाची. दोन्हींत मारहाण आणि दारिद्र्य सरळ दिसतं. पंधराच्या आत नको, आणि “बघ, तुला किती मिळतंय” असं म्हणून तर मुळीच नको. त्या वाक्याने पुस्तक शिक्षा होतं.

भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ (१९६३) बारावीनंतर. घराबाहेर होस्टेलवर गेलेल्या मुलाच्या हातात ती पडली की जी आपली वाटते, ती शाळेच्या बाकावर बसून वाटत नाही.

वरची बरीच नावं जुनी आहेत. नव्याचा शोध घ्यायचा असेल तर साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार हा सोपा धागा आहे. तो २०१० पासून दिला जातो, आणि अलीकडे मराठीत बऱ्याचदा कादंबरीला मिळाला आहे: २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२१ मध्ये संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२४ मध्ये भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’. पुरस्कार मिळाला म्हणून डोळे झाकून देऊ नका, पानाची चाचणी यांनाही लावा.

हातात देण्याची रीत

एक पुस्तक दिलं की तो हुकूम होतो, दहा दिली की गोंधळ. तीन द्या. एक नेमक्या मापाचं, एक त्याहून सोपं, एक त्याने मागितलं नसतं असं. मुखपृष्ठं वर करून टेबलावर मांडा, प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोला आणि तिथून बाजूला व्हा.

त्या एका वाक्यात माणूस आणि त्याची अडचण असावी. “खूप छान आहे, चांगले संस्कार आहेत” याने कुणी पुस्तक उघडत नाही. “एका पोरसवदा मास्तराची धनगरांच्या वाडीवर नेमणूक होते, तो पोचतो, तर शाळा आहे पण मुलंच नाहीत,” या ‘बनगरवाडी’च्या वाक्याने उघडतं. सुचवायच्या प्रत्येक पुस्तकासाठी असं वाक्य आधी तयार करून ठेवा. वाक्य सुचत नसेल तर ते पुस्तक तुम्ही नीट वाचलेलं नाही. आधी वाचा.

घरी देणार असाल तर पहिली दहा-पंधरा पानं तुम्ही वाचून दाखवा आणि जिथे पुढे काय होईल अशी ओढ लागते तिथे थांबा. खोकला आला, फोन आला, काहीही निमित्त चालेल. पुस्तक उघडं, पालथं ठेवून उठा. बऱ्याचदा तुम्ही परत येईपर्यंत ते सरळ झालेलं असतं. वय बारा असलं तरी वाचून दाखवणं लहान मुलांचं समजू नका. कठीण भाषेच्या दारातून आत न्यायला याहून चांगला उपाय नाही.

सोडण्याची परवानगी देतानाच सांगा: पंचवीस पानं वाच, नाही जमलं तर परत आण, कारण विचारणार नाही. (कारण मूल आपणहून सांगतं.) ही मुभा असली की मुलं अवघड पुस्तक उचलायचं धाडस करतात.

संपल्यावर सारांश लिहायला लावू नका. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळेत तासभर शांत वाचन होतं, आणि लगेच “वाचलेल्या पुस्तकावर दहा ओळी” येतात. मग पुढच्या वर्षी मुलं सगळ्यांत पातळ पुस्तक शोधतात. “यातून काय बोध घेतलास?” हाही प्रश्न बाद करा. विचारायचंच असेल तर हे विचारा: कुठे ठेवावंसं वाटलं नाही? कुणाचा राग आला? शेवट तू लिहिला असतास तर हाच ठेवला असतास? आणि सगळ्यांत कामाचा: पुढचं असंच हवं की वेगळं?

एक साधी वही ठेवा. पुस्तकाचं नाव, किती पानं झाली, आवडलं की सोडलं, का. मोठ्यांनीच भरावी, मुलाला गृहपाठ नको. सात-आठ नोंदी झाल्या की दिसायला लागतं की ही मुलगी प्रथमपुरुषी निवेदन असलेली पुस्तकं संपवते आणि बाकीची सोडते, किंवा हा मुलगा जाड पुस्तकाला घाबरत नाही, बारीक टाइपाला घाबरतो. दुसऱ्या कारणावर डोळे तपासून घेणं हाही उपाय असतो.

मिळवायचं कुठून

कादंबरीपर्यंत न पोचलेल्या मुलासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक वापरा. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. दोन-चार पानांची गोष्ट रोज वाचणारं मूल दोन महिन्यांत ऐंशी पानांना तयार होतं. सार्वजनिक ग्रंथालयात बालविभाग असेल तर मुलाच्या नावाने वेगळं सभासदत्व घ्या. पालकांच्या कार्डावर पुस्तक घेतलं की निवडही पालकांची होते. एका वेळी दोन पुस्तकं नेऊ देता का ते विचारा, म्हणजे एक नाही रुचलं तर आठवडा वाया जात नाही. सातारा जिल्ह्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, महाबळेश्वर-पाचगणीची सहल असेल तर अर्धा दिवस तिथे ठेवा. लोकांच्या घरांत प्रकारवार पुस्तकं मांडलेली आहेत, मूल हवं ते काढून ओसरीवर बसून वाचू शकतं, आणि त्याने स्वतःहून काय उचललं ते तुम्हाला लांबून दिसतं. ते नाव वहीत टिपून घ्या.

भेट द्यायची असेल तर पुस्तक घेताना दुकानदाराला बदलून मिळेल का विचारा, पहिल्या पानावर पेनने काही लिहू नका, आणि बिल आतच ठेवा.